गंधक लावलं, तरी ज्वारी काळी कशी?

मारेगावच्या बाजारात ज्वारीचं पोतं उतरवलं की व्यापारी आधी वजन पाहत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेतो, रंग पाहतो अन् भाव सांगतो. दाणा काळा असला की चार महिन्यांच्या मेहनतीचा भाव तिथंच पडतो. मग घरी बोलणं निघतं, ‘बियाण्याला गंधक तर लावलं होतं!’

इथंच गल्लत होते. किलोला 4 ग्रॅम गंधक लावायचं ते दाणे काणीसाठी. ती बुरशी बियाण्यासोबत येते आणि दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. काळ्या ज्वारीची बुरशी येते हवेतून. पीक फुलोऱ्यात असताना झड लागली की ती कोवळ्या दाण्यात शिरते. फ्युझेरियमनं दाणा गुलाबी-पांढुरका होतो, कर्व्हुलारियानं काळा. धुऊन ती जात नाही, आतच असते.

जुनी उंच गावरान ज्वारी पाऊस सरता सरता निसवायची, दाणा कोरड्या हवेत भरायचा. 1964 साली सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आला. उतारा वाढला, पण पीक लवकर तयार होऊन परतीच्या पावसात सापडू लागलं. म्हणून संकरित वाणाला शिव्या देण्यात अर्थ नाही. कापणीची सवय मात्र आपण जुनीच ठेवली. दाणा कणसाला चिकटतो त्या टोकाला काळा ठिपका दिसला, की तो भरला समजा. ‘आणखी वाळू दे’ म्हणून पीक उभं ठेवू नका. पावसाचा रंग दिसला तर कणसं आधी खुडा, छपराखाली पातळ पसरा. कडबा मागून कापता येतो. ओल्या कणसांचा ढीग मात्र घालू नका.

काळी ज्वारी ‘घरी खाऊन टाकू’ असंही कोणी म्हणतं. 1995 साली आंध्र प्रदेश व कर्नाटकातल्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी चढलेली ज्वारी अन् मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले होते. तपासात फ्युझेरियमचं फ्युमोनिसिन हे विष सापडलं. ते भाकरी भाजल्यानं पुरतं जात नाही.

आता पंचनाम्याला येणाऱ्या मंडळींसाठी थोडं. पीक कापणी प्रयोगात दाण्याचं वजन होतं, रंगाचं नाही. काळ्या दाण्यालाही वजन असतंच, त्यामुळं कागदावर पीक बरं दिसतं अन् बाजारात शेतकरी मार खातो. तेव्हा पंचनाम्याच्या शेऱ्यात ‘दाणा काळा’ एवढं तरी लिहा, आणि सरपंचासमोर ओंजळभर नमुना पुडीत बांधून ठेवा.