विश्लेषण : ‘विल्हेल्मस्ट्रास’ हा रस्ता जर्मनीच्या परराष्ट्र धोरणाचे दुसरे नाव कसा झाला?

पॅरिसचे ‘के दोर्से’ किंवा दिल्लीचा ‘साउथ ब्लॉक’ म्हटले, की परराष्ट्र खाते डोळ्यासमोर येते. बर्लिनमधील विल्हेल्मस्ट्रास या रस्त्याचेही एकेकाळी तसेच होते. ‘विल्हेल्मस्ट्रासचा निर्णय’ म्हणजे जर्मन सरकारचा निर्णय. पण तो घेणारी माणसे कोण, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर न्यायालयात उभा राहिला.

नाव कसे रूढ झाले?

प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्हेल्म याचे नाव या रस्त्याला मिळाले. अठराव्या शतकात येथे उमरावांचे प्रासाद होते. पुढे त्यांत सरकारी कचेऱ्या आल्या. ७६ क्रमांकाच्या इमारतीत परराष्ट्र खाते होते. शेजारच्या ७७ क्रमांकात, चॅन्सेलर बिस्मार्क यांच्याकडे, १८७८ मध्ये बाल्कन प्रदेशाच्या फेरवाटणीसाठी काँग्रेस भरली. १८८४-८५ मध्ये आफ्रिकेतील वसाहतींचे नियम ठरवणारी १४ देशांची परिषदही तेथेच झाली. त्यात आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता.

‘विल्हेल्मस्ट्रास खटला’ काय होता?

१९४८-४९ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणापुढे २१ जणांवर खटला चालला. त्यांत इतर खात्यांचे अधिकारीही होते, तरी खटला रस्त्याच्याच नावाने ओळखला गेला. प्रमुख आरोपी परराष्ट्र खात्याचे माजी सचिव एर्न्स्ट फॉन वायझेकर. १९४२ मध्ये फ्रान्समधील ६,००० ज्यूंना ऑशविट्झला पाठवण्याबाबत खात्याला विचारणा झाली. ‘हरकत नाही’ असे उत्तर गेले. वायझेकर यांना सात वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर पाच वर्षांवर आली.

सगळेच सामील होते का?

नाही. खात्याच्या भारतविषयक विभागात सुभाषचंद्र बोस यांच्याशी संपर्क ठेवणारे आडाम फॉन ट्रॉट यांना हिटलरविरोधी कटासाठी १९४४ मध्ये फाशी झाली. युद्धानंतर मात्र अशा मोजक्या उदाहरणांच्या आधारे संपूर्ण खातेच विरोधक होते, असे चित्र रंगवले गेले. परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांनी नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये ते खोडून काढले.

आज तेथे काय आहे?

बॉम्बहल्ल्यांत बहुतेक जुन्या इमारती कोसळल्या. पूर्व जर्मनीने तेथे निवासी इमारती बांधल्या आणि रस्त्याच्या आपल्या हद्दीतील भागाचे नावही बदलले. एकीकरणानंतर, १९९३ मध्ये, जुने नाव परतले. परराष्ट्र खाते मात्र आता वेर्डरशर मार्क्ट येथे आहे.