मानेचा मणका आणि दवाखान्याच्या कागदावरचा आकडा

कापडाच्या धंद्यात जोखीम म्हणजे उधारी, असे आम्ही दुकानदार धरून चालतो. पण भिवंडी-मालेगावहून आलेल्या गाठी हमाल डोक्यावरून उतरवतात, नोकर शिडीवर चढून माळ्यावर ताके रचतात, आणि आमचे पनवेल तर मुंबई-पुणे हमरस्त्याच्या तोंडावरच वसलेले. एखाद्याची मान मोडली की त्याचे घर बसते. म्हणून व्यापारी बांधवांसाठी ही माहिती देत आहोत.

मानेत मणके सात. पहिला कडीसारखा गोल, त्यावर डोके टेकलेले. डोक्यावर सरळ भार आदळला की ही कडी फुटते. सर्जन जेफर्सन यांनी १९२० साली तिचे वर्णन केले, म्हणून ती मोड त्यांच्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या मणक्याला वर खुंटी असते. म्हातारे माणूस न्हाणीत नुसते घसरले तरी ती मोडू शकते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. तो वरच्या भागात दुखावला तर हातपायच नव्हे, श्वासही बंद पडतो.

आमच्याकडे खरी गफलत पहिल्या दहा मिनिटांत होते. लोक हातपाय धरून उचलतात आणि रिक्षात कोंबतात. हमदर्दी खरी, पण त्यानेच रज्जू चिरडू शकतो. डोके-मान आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरावी, १०८ ला फोन करावा, आणि आग किंवा वाहनांचा धोका नसेल तर हलवू नये. माणूस उठून चालला म्हणजे मणका शाबूत, असेही नाही. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे वय ६५ किंवा अधिक, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणे, हातापायाला मुंग्या, यांपैकी एक जरी असले तरी मानेची छायाचित्र-तपासणी हवीच. साध्या एक्स-रेत सातवा मणका बहुधा खांद्याआड लपतो, म्हणून सीटी स्कॅन. रज्जू किंवा अस्थिबंध दुखावल्याचा संशय असेल तर एमआरआय.

मोड स्थिर असेल तर कडक पट्टा काही आठवडे ते तीन महिने. अस्थिर असेल तर डोक्याला स्क्रूने बसवलेले कडे, नाही तर ऑपरेशन करून पट्टी-स्क्रू.

आता कागदाची गोष्ट. जीएसटीत सुती कापड ५२०८ आणि सिंथेटिक ५४०७. आकडा चुकला की बिल अडते, हे आम्हाला ठाऊक आहे. आजारांनाही जागतिक आरोग्य संघटनेचे असेच आकडे आहेत. मानेच्या मणक्याची मोड एस १२: पहिला मणका एस १२.०, दुसरा एस १२.१, खालचे एस १२.२, एकाहून अधिक असतील तर एस १२.७. मज्जारज्जूची इजा निराळी, एस १४. कारणाचाही आकडा असतो: शिडीवरून पडणे डब्ल्यू ११, अंगावर वस्तू कोसळणे डब्ल्यू २०.

आमच्या माहितीतल्या एका हमालाच्या कार्डावर एका दवाखान्याने नुसते 'मान मुरगळली' लिहून एस १३.४ टाकले. सीटीत मोड स्पष्ट होती. मुरगळीला भरती कशाला, असे विचारून विमा कंपनीने दावा परत पाठवला. डॉक्टरांकडून कार्ड दुरुस्त करून आणण्यात त्या बिचाऱ्याच्या भावाचे कित्येक दिवसांचे रोज बुडाले.

घरी सोडण्यापूर्वीच कार्डावर कितवा मणका, मोड की मुरगळ, रज्जूला इजा आहे का, आणि कसे पडले हे लिहून घ्यावे. सीटीच्या अहवालाची प्रत ठेवावी. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही, मात्र एका वर्षाची मुदत पाळावी लागते.