बारीक अंगकाठी, तरी साखर?

• २००४, ‘द लॅन्सेट’: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. वजनकाट्याला हा फरक कळत नाही, पण जास्त चरबीने साखर वाढू शकते; म्हणून बारीक माणसानेही पुढच्या रक्ततपासण्या कराव्यात.

• उपाशीपोटी साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर): १००च्या खाली सामान्य, १००–१२५ मधुमेहपूर्व, १२६पासून मधुमेह. आधीचे आठ तास फक्त पाणी. तिसगावहून पाथर्डीला तपासायला निघताना घोटभर चहाही नको.

• ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५०च्या वर, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) कमी: शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण, साखर वाढण्याआधीही दिसू शकते.

• एचबीए१सी: रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी. ५.७–६.४ टक्के मधुमेहपूर्व, ६.५पासून मधुमेह. उपाशी राहावे लागत नाही. रक्तक्षय असेल तर आकडा फसवा.