खत धानाला, की साव्याला?

रामटेक तालुक्यात देवलापारच्या आजूबाजूच्या गावांत रोवणी आटोपली की पंधरा दिवसांत बांधीत सावा दिसू लागतो. कोवळेपणी तो अगदी धानासारखाच असतो. जाणत्या बाया पानाच्या बुडाशी पाहून तो ओळखतात. धानाच्या पानाला तिथे पातळ पापुद्रा असतो, साव्याला नसतो.

युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. आपण ते धानासाठी टाकतो, पण सावा धानापेक्षा झपाट्याने वाढतो आणि नत्र, स्फुरद, पालाश आधी उचलतो. उसनवारी करून आणलेले खत अशा रीतीने तणाच्या पोटात जाते. वेळेवर निंदण झाले तर प्रश्न नाही. पण त्याच दिवसांत सगळ्यांची कामे आल्याने मजूर मिळत नाहीत. म्हणून अनेक शेतकरी निवडक तणनाशकाकडे वळतात.

निवडक म्हणजे तण मारणारे आणि पीक राखणारे. धानात वापरले जाणारे बिसपायरीबॅक सोडियम हे असे एक औषध. वनस्पतीला प्रथिने तयार करायला काही अमिनो आम्ले लागतात. ती घडवणारे एक विकर हे औषध बंद पाडते. मग साव्याचा शेंडा आणि नवी मुळे वाढायची थांबतात. वाढच थांबली की अन्नद्रव्यांची उचलही मंदावते. तण काही दिवस हिरवे दिसते, पण त्याची भूक मेलेली असते. दोन-तीन आठवड्यांत ते वाळते आणि कुजल्यावर त्याने घेतलेले नत्र हळूहळू मातीत परतते. धानाचे रोप मात्र हे औषध आपल्या अंगात लवकर मोडून टाकते, म्हणून ते तगते.

पण ही ताकद मर्यादित आहे. मात्रा दुप्पट केली तर धानही पिवळे पडते, त्याची मुळे खुंटतात आणि खत असूनही पीक उपाशी राहते. म्हणून हे लक्षात ठेवा:

- रोवणीनंतर १५ ते २५ दिवसांत, तण दोन ते चार पानांवर असताना फवारा. मोठे तण मरत नाही.
- १० टक्के औषध एकरी ८० ते १०० मिली, सुमारे १२० लिटर पाण्यात.
- आधी बांधीतले पाणी काढा, म्हणजे तण उघडे पडेल. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाणी भरा.
- युरियाचा पुढचा हप्ता तण पिवळे पडल्यावरच द्या.
- ग्लायफोसेट निवडक नाही, ते धानही जाळते. बाटलीवरचे नाव वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या.
- दरवर्षी तेच औषध मारू नका, तण त्याला दाद देईनासे होते.

फवारताना हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा. बांधीतली आणि धुऱ्यावरची रानभाजी फवारणीच्या आधीच खुडून घ्या. फवारलेल्या बांधीतली भाजी, खेकडे किंवा मासोळी घरी आणू नका, आणि काढलेले पाणी बोडीत सोडू नका.