अब्बांचा अनुभव आणि गाडीचे पुस्तक

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने नवी पेट्रोल गाडी घेतली. त्याची कित्येक वर्षांची बचत त्यात गेली, कमी पडले ते अब्बांनी आपल्या निवृत्तीच्या रकमेतून घातले. त्यामुळे ती गाडी साऱ्या घराचीच. गेल्या हिवाळ्यात ऑईल बदलायची वेळ आली, तेव्हा भाऊ जवळच्या गॅरेजमध्ये गेला. अब्बा सोबत होते. ते म्हणाले, “२०डब्ल्यू-४० टाका. आमची जुनी गाडी वीस वर्षे त्याच्यावरच चालली. तेल जाड असले की इंजिनाला बळ राहते.” मेकॅनिकनेही मान डोलावली.

पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला. “आपा, सकाळी गाडी सुरू केली की वरून टिकटिक आवाज येतो. ॲव्हरेजही कमी झालंय.” मी त्याला गाडीचे पुस्तक काढायला सांगितले. त्यात ०डब्ल्यू-२० असे स्पष्ट लिहिले होते. तीन वर्षांत ते पान आमच्यापैकी कोणी उघडलेच नव्हते!

हे आकडे काय सांगतात, ते आपण समजून घेऊ या. तेलाचा दाटपणा मोजण्याची ही एसएई पद्धत आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. खोबरेल तेल थंडीत बाटलीत कसे गोठते ते आपण पाहतोच. इंजिनातले तेल तसे गोठत नाही, पण दाट होऊन सावकाश वाहते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग शून्य कशाला, असे कोणी विचारील. पण रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली उतरलेले असते. सकाळी चावी फिरवल्यावर ते पुन्हा वरच्या भागांपर्यंत पोहोचेतो धातूवर धातू घासतो. पातळ तेल तिथे लवकर पोहोचते.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला २० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असतो, तर ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. म्हणजे जवळजवळ दुप्पट! नव्या इंजिनातल्या फटी आणि तेलाच्या वाटा बारीक असतात. त्यांत जाड तेल ढकलताना इंजिनाची ताकद वाया जाते, पेट्रोल जास्त लागते. शिवाय वॉरंटी असताना चुकीचे तेल घातले आणि बिघाड झाला, तर कंपनी हात वर करू शकते.

मग अब्बा चुकले का? त्यांचे ज्ञान खोटे नव्हते, ते जुन्या गाडीचे होते. त्या इंजिनाची रचना जाड तेलाचीच होती. उद्या कोणी हौसेने त्याच जुन्या गाडीत महागडे ०डब्ल्यू-२० ओतले, तर झिजलेल्या पिस्टन रिंगांजवळून ते वर चढेल, जळेल, सायलेन्सरमधून निळा धूर येईल. महाग तेल म्हणजे चांगले तेल नव्हे. गाडीला मानवेल ते चांगले.

ग्रेडबरोबर डब्यावरची आणखी एक खूण पाहावी. एपीआयच्या अक्षरांत ‘एस’ने सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये एसपी हा दर्जा २०२० साली आला, एसएन त्याच्या आधीचा. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारे तेलच लागते, नाहीतर तो महागडा फिल्टर तुंबतो. आणि गाडीतले उरलेले ऑईल मोटारसायकलमध्ये ओतू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलाने तो घसरू शकतो. तिच्यासाठी डब्यावर ‘जासो एमए’ पाहावे.

घरच्या घरी करण्यासारख्या काही गोष्टी:

● गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा, मग डिपस्टिक पुसून तपासा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. जास्त भरले तर फेस होतो, तोही घातकच.

● तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, असे नाही. पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा बदला. सोबत फिल्टरही बदला.

● सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला लावा, बिल घ्या, रिकामा डबा भोक पाडून टाका. त्यात बनावट तेल भरून विकले जाऊ शकते.

● जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नका, ते पाणी नासवते. जिथून ते पुनर्वापरासाठी जाते, अशा गॅरेजकडेच द्या.

आमच्याकडे काय झाले? अब्बांना सांगायचे कसे, हा भावाला पडलेला मोठा प्रश्न होता. मी फक्त पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, पान दोनदा वाचले आणि म्हणाले, “बेटा, हे आधीच दाखवायला हवे होते. चल, आजच बदलून आणू.” नवे तेल घातल्यावर टिकटिक थांबली, ॲव्हरेजही हळूहळू पहिल्यासारखे झाले.

आता ते पुस्तक कपाटात नसते, गाडीच्याच कप्प्यात असते. ऑईल बदलायच्या दिवशी पान उघडून मेकॅनिकपुढे धरायचे काम अब्बांनी स्वतःकडे घेतले आहे.