दम टिकतो कसा?

वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीपासून ज्योत घेऊन धावत निघणारी पोरं आपण पाहतो. फाल्गुन अमावास्येच्या सुमाराला ऊन तापलेलं असतं, डांबरी रस्ता असतो, पायांत कधी चप्पलही नसते. तरी ती मैलोन्‌मैल जातात, कारण ज्योत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं अंतर आणि मग विसावा. पहाटे कोरेगाव भीमाच्या रस्त्याला पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या आपल्या पोरींना हा विसावा नसतो. त्यांना ८०० मीटर एकटीनं, एका दमात काढायचे असतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांतले २० गुण त्यावर आहेत. म्हणून आज दमाविषयी बोलू.

शिट्टी वाजली की पोरी सुसाट सुटतात आणि अर्ध्या वाटेत पोटात कळ येऊन पाय जड होतात. घरी सांगतात, "माझा दमच कमी आहे." बहुतेक वेळा दम कमी नसतो, तो आधीच उधळलेला असतो. धावायला लागल्यावर हृदय आणि फुफ्फुसं पूर्ण वेगानं कामाला लागायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. तेवढ्यात आपण जोरात पळालो, तर स्नायू प्राणवायूची वाट न पाहता साठ्यातली ताकद जाळतात. ती उधारी पुढच्या चारशे मीटरमध्ये फेडावी लागते. समजा, ८०० मीटर ३ मिनिटं २० सेकंदांत काढायचे आहेत. म्हणजे दर २०० मीटरला ५० सेकंद. पहिले २०० जर ४० सेकंदांत गेले, तर ते दहा सेकंद कमावलेले नाहीत, शेवटी व्याजासकट जाणार आहेत. पहिल्या दोनशेत मुद्दाम हात आखडता घ्यायचा. पुढं गेलेल्या पोरींपैकी निम्म्या परत भेटतात.

रोजच्या सरावातही हेच. रोज जीव खाऊन पळालं की दम वाढतो, ही समजूत फार पक्की बसली आहे आणि ती चूक आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस इतकंच सावकाश धावा, की शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बोलताना तुटक शब्द निघायला लागले तर वेग जास्त झाला. अशा सावकाश धावण्यानंच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. आठवड्यातून एक-दोन दिवस वेगाचे ठेवा: २०० मीटर जोरात, मग चालत परत, असं चार-पाच वेळा. एक दिवस पूर्ण विसावा. शरीर धावताना बळकट होत नाही, धावून आल्यावर झोपेत आणि जेवणात होतं.

पायांचं तंत्र साधं आहे. लांब ढांग टाकू नका. पाय अंगाच्या फार पुढं पडला की प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि गुडघ्याला दणका बसतो. पावलं छोटी, भराभर. खांदे सैल, मुठी घट्ट आवळलेल्या नकोत, हात छातीसमोर आडवे न जाता पुढं-मागं. ओढणी घरी ठेवा किंवा कमरेला घट्ट बांधा. आतला कपडा छाती नीट धरून ठेवणारा हवा. याची लाज बाळगून पोरी वाकून पळतात आणि वाकलं की श्वास अडतो.

आता मनाचं. तिसरे दोनशे मीटर सगळ्यात वाईट असतात. सुरुवातीचा जोश संपलेला, शेवट अजून दिसत नाही. तेव्हा डोक्यात "सोड आता" सुरू होतं. खुरपायला बसलेली बाई अख्ख्या वावराकडं बघत नाही, ती आपल्या पातीकडं बघते. तसंच इथं. पुढचा खांब, पुढचं वळण, एवढंच. पावलं मोजा. थकवा आणि दुखणं यांतला फरक मात्र ओळखा. दोन्ही पाय सारखेच जड झाले, श्वास फुलला, तर तो थकवा, पुढं जाता येतं. एकाच जागी टोचतंय, छातीत दुखतंय, चक्कर येतेय, तर थांबायचं. २०१४ साली मुंबईतल्या पोलीस भरतीत धावताना तरुणांचे जीव गेले होते. उन्हात थांबणं म्हणजे हार नव्हे.

माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर बघा. दुष्काळी गावातली, खो-खो खेळणारी पोरगी. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटांत धावली. पण तिनं भर दिला ३००० मीटर स्टीपलचेसवर. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचणारी भारतीय बाई पी. टी. उषानंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, तीच. लांब पल्ल्याच्या सावकाश मैलांवर उभा राहिलेला दम तिला अडथळ्यांच्या शर्यतीत उपयोगी पडला.

एक गोष्ट मैदानावर कुणी सांगत नाही. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. प्राणवायू वाहून नेणारं रक्तच फिकं असेल तर सराव करून काय होणार? पोरगी लवकर धापा टाकत असेल तर आधी आरोग्य उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. पालेभाजी, कडधान्य आणि वर लिंबू. एकादशीच्या उपासाला जोराचा सराव नको. आणि जास्त पळून, कमी खाऊन कुणाची पाळी महिनोन्‌महिने बंद झाली, तर "बरंच झालं" म्हणू नका. त्यात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवा.

गटातल्या थोरल्यांसाठीही एक सांगते. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना धावताना लघवी निसटते, म्हणून त्या चालायलाही येत नाहीत. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो, ते दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा आवळून सोडायचे. दोन-तीन महिन्यांत बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला तर उपचार आहेत.

घामाच्या दिवसांत एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून ठेवा, लिंबू पिळलं तरी चालेल. धावण्याआधी अर्धा तास एखादं केळ पुरतं. उसाच्या ट्रॉल्या आणि मालवाहू ट्रक पहाटेही चालू असतात, तेव्हा समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं, उजेडी रंगाचे कपडे घालून, दोघी-तिघींनी मिळूनच निघा. गटातल्या एकीनं रविवारी घड्याळ घेऊन शाळेच्या मैदानावर यावं आणि दर दोनशे मीटरचे सेकंद वहीत लिहावेत. बचतीच्या वहीची मागची पानं कोरीच असतात.