जिम्नॅस्टिक्स : वाढत्या हाडांच्या दुखापती आणि विश्रांतीचा हिशेब

बहुतेक खेळांत खेळाडूची खरी कसोटी लागते ती विशीच्या आसपास, शरीराची वाढ पुरी झाल्यावर. जिम्नॅस्टिक्सचे तसे नाही. या खेळात मुले-मुली सहाव्या-सातव्या वर्षी दाखल होतात आणि हाडे झपाट्याने लांबण्याच्या वयातच त्यांना अवघड कसरती शिकाव्या लागतात. शिवाय अन्य खेळांत शरीराचा भार पाय वाहतात. येथे तो भार वरचेवर हातांवर येतो. मनगट आणि कोपर यांना निसर्गाने न दिलेले काम जिम्नॅस्ट त्यांच्याकडून करून घेतो. आपल्या राज्यातील शालेय क्रीडास्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. त्यांपैकी पहिल्या दोन गटांतील बहुतेक मुलांची हाडे अद्याप पक्की झालेली नसतात, ही गोष्ट स्पर्धा भरविणाऱ्यांनी आणि संघ पाठविणाऱ्यांनी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

लांब हाडांची वाढ त्यांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या एका पातळ थरातून होते. हा थर पक्क्या हाडापेक्षा दुबळा असतो. सांधा बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांपेक्षाही दुबळा असतो. ज्या धक्क्याने मोठ्या माणसाचा सांधा नुसता लचकेल, त्याच धक्क्याने मुलाचा हा थर दुखावतो. उंची वाढण्याचा जोर मुलींमध्ये साधारणपणे बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास असतो. त्या काळात हाडे पुढे धावतात आणि स्नायू व कंडरा मागे राहून ताठरतात. गेल्या वर्षी सहज जमणारी कमान मुलीला यंदा जमेनाशी होते, उडीचा अंदाज चुकू लागतो. शिक्षकाला वाटते, मुलगी आळसावली. वस्तुतः तिचे शरीरच बदललेले असते आणि नेमक्या याच महिन्यांत दुखापतींचे प्रमाण वाढते.

मनगटाचे दुखणे

तरुण जिम्नॅस्टांमध्ये वारंवार आढळणारी आणि हमखास दुर्लक्षिली जाणारी तक्रार मनगटाची होय. हातांवर उभे राहणे, पाठीमागे हातांवर उलटणे, व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकून उसळणे, या प्रत्येक कृतीत मनगट मागे दुमडलेले असते आणि त्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक भार येऊ शकतो. या भाराचा सुमारे चार-पंचमांश हिस्सा अंगठ्याच्या बाजूचे हाड उचलते. त्या हाडाची लांबी मुख्यतः त्याच्या मनगटाकडील टोकाच्या थरातून वाढते. म्हणजे आदळही तेथेच आणि वाढही तेथेच.

हे दुखणे एका दिवसात होत नाही. आरंभी फक्त हातावर भार घेतला की मनगटाच्या मागील बाजूस, अंगठ्याकडे, कळ येते. सूज दिसत नाही. मुलगी लिहिते, जेवते, खेळते. केवळ सरावाच्या वेळी कुरकुरते, आणि म्हणून तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत क्ष-किरण चित्रातही काही न दिसण्याचा संभव असतो. सराव तसाच चालू राहिला तर तो थर रुंदावतो, वेडावाकडा होतो आणि क्वचित वेळेआधीच बंद पडतो. तसे झाल्यास अंगठ्याकडील हाड आखूड राहते, करंगळीकडील हाड मात्र वाढतच राहते आणि ते सांध्यात रुतू लागते. मग खेळ सुटल्यावरही मनगट दुखत राहते.

उपाय मात्र सोपा आणि बिनखर्चाचा आहे. हातांवर भार घेणे पूर्ण थांबवावे लागते. साधारणतः सहा आठवडे, दुखणे मुरलेले असेल तर तीन महिने किंवा त्याहूनही अधिक. मनगटाला पट्टा बांधून सराव चालू ठेवणे हा उपचार नव्हे. विश्रांतीच्या काळात मुलीला घरी बसविण्याचेही कारण नाही. पाय, पोट आणि पाठ यांचे व्यायाम, समतोल दंडावरील चालणे, जमिनीवरील कसरतींमधला नृत्याचा भाग हे सारे चालू ठेवता येते. आपल्याकडे पुष्कळ मुले सकाळी जिम्नॅस्टिक्स आणि सायंकाळी मल्लखांब करतात, तेही निरनिराळ्या शिक्षकांकडे. मल्लखांबावर पकडीवर आणि मांड्यांच्या मिठीवर भर असल्यामुळे मनगटावरील आदळ कमी असते, हे खरे. परंतु शरीर एकच आहे. दोन्ही शिक्षकांनी आपापला सराव माफक ठेवला तरी मुलाच्या वाट्याला येणारी बेरीज बेताबाहेर जाऊ शकते. ती बेरीज करणारे कोणी तरी असावे लागते.

पाठ, कोपर, टाच

पाठीला वरचेवर कमान दिल्याने कमरेच्या सर्वांत खालच्या मण्याच्या मागील कमानीत बारीक चीर पडते. पाठ मागे वाकविली की, विशेषतः एका पायावर उभे राहून वाकविली की, कमरेत एका बाजूस दुखते. वेळीच ध्यानात आले तर सुमारे तीन महिने कमानीच्या कसरती बंद ठेवून आणि पोटाच्या स्नायूंना बळकटी आणून बहुतेक मुले पूर्ववत खेळू लागतात. दुर्लक्ष झाले तर दोन्ही बाजूंनी चीर पडून मणका पुढे सरकण्याची भीती असते. मोठ्यांची कंबर धरते तशी लहान मुलांची सहसा धरत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी मुलाची पाठदुखी डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे.

कोपराच्या बाहेरील बाजूच्या हाडाचा पृष्ठभाग सततच्या दाबाने खराब होऊन त्याचा तुकडा सुटू लागणे ही दुखापत तुलनेने विरळ, पण गंभीर आहे. हात पूर्ण सरळ न होणे किंवा कोपर मध्येच अडकणे ही तिची खूण होय. अशा वेळी एक दिवसही सराव करू नये. टाच आणि गुडघ्याखालची गाठ दुखणे याबद्दल मात्र घाबरण्याचे कारण नाही. वाढ पुरी झाली की ही दुखणी आपोआप जातात. तोवर उड्यांची संख्या कमी करणे पुरेसे असते. तळहाताची साल निघणे तर प्रत्येक जिम्नॅस्टच्या नशिबी असते. जखम धुऊन स्वच्छ ठेवावी आणि कातडी भरून येईपर्यंत बार सोडावा, एवढेच.

पडणे आणि उतरणे

एकाएकी होणाऱ्या दुखापतींमध्ये घोटा मुरगळण्याचा क्रमांक वरचा आहे आणि ती बहुधा कसरत संपवून जमिनीवर उतरताना होते. शाळांतून काथ्याच्या दोन गाद्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि त्यांच्यामधील फटीत पाय जातो. इतके साधे कारणही पुरते. स्पर्धेतील समतोल दंड जमिनीपासून १२५ सेंटीमीटर उंच आणि केवळ १० सेंटीमीटर रुंद असतो, आणि त्याखाली २० सेंटीमीटर जाडीच्या गाद्या असतात. दंड विकत घ्यायचा आणि गाद्या पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकावर सोडायच्या, हा व्यवहार मुलांच्या घोट्यांना महागात पडतो.

घोटा मुरगळल्यावर पहिले दोन दिवस पाय उंच ठेवून विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे आणि बेताचा दाब देणारी पट्टी एवढेच करावे. आंबेहळदीचा लेप लावण्यास हरकत नाही. परंतु मालीश, शेक आणि विशेषतः हाडवैद्याकडून सांधा ओढून 'बसविणे' हे वाढत्या वयात कटाक्षाने टाळले पाहिजे, कारण जो सांधा निखळला असे वाटते तेथे पुष्कळदा कूर्चेचा थर तुटलेला असतो. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडावर दाबल्यास दुखत असेल तर क्ष-किरण तपासणी करावी. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असेही नव्हे. सांध्याला तोलाची जाणीव पुन्हा शिकवावी लागते; दुखऱ्या पायावर, प्रथम डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून, उभे राहण्याचा रोजचा सराव त्यासाठी उत्तम. तो न केल्यामुळे तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

मानेवर पडलेल्या मुलाबाबत मात्र वेगळी दक्षता हवी. त्याला हातापायांना धरून उचलू नये, उठवून बसवू नये, पाणी पाजू नये. डोके आणि मान आहे त्या स्थितीत स्थिर धरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हे केवळ क्रीडाशिक्षकालाच नव्हे, तर व्यायामशाळेच्या शिपायालाही ठाऊक असावे.

केव्हा परतावे ?

दुखापत बरी होण्यास लागणारा काळ शरीर ठरविते. स्पर्धेची तारीख मात्र कार्यालय ठरविते. या दोहोंचा मेळ न बसल्याने काय होते याचे भीषण उदाहरण सोव्हिएट रशियाच्या एलेना मुखिना हिचे आहे. १९७८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ती सर्वांगीण जगज्जेती झाली. पुढल्याच वर्षी तिचा पाय मोडला. तो पुरता सांधण्यापूर्वीच तिला १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी सरावाला उतरविण्यात आले. मान आत घेऊन जमिनीवर गडगडत संपणारी एक अवघड उडी मारताना, ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे उरले असता, मिन्स्क येथे तिची मान मोडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. २००६ मध्ये तिचे निधन झाले. मधली सव्वीस वर्षे ती अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळून होती.

अमेरिकेच्या केरी स्ट्रग हिचे उदाहरण गौरवाने सांगितले जाते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पहिल्या व्हॉल्टला तिच्या घोट्याचे अस्थिबंध तुटले, तरीही तिने दुसरी उडी घेतली आणि संघाला सुवर्णपदक मिळाले. आकड्यांची बेरीज केली असता दिसते की ती दुसरी उडी नसती तरी पदक मिळालेच असते. तिला मात्र पुढील वैयक्तिक अंतिम स्पर्धेत उतरता आले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट तिची नसून सिमोन बाइल्स हिची आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेत गिरकी घेताना आपले दिशाभान हरपते आहे, हे जाणवताच तिने सांघिक अंतिम स्पर्धेतून माघार घेतली. काही दिवसांनी गिरकी नसलेली उतरण योजून तिने समतोल दंडावर कांस्यपदक मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली.

आपल्या देशात दीपा कर्माकर हिचा प्रवास बोलका आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये चौथी आलेल्या या त्रिपुराच्या खेळाडूच्या गुडघ्यावर २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली. जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानात मर्सिन येथे तिने जागतिक चॅलेंज करंडक स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. महिन्याभरानंतरच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याच गुडघ्याने पुन्हा त्रास दिला. २०२४ मध्ये ताश्कंद येथे ती आशियाई विजेती झाली आणि त्याच वर्षी निवृत्त झाली. उत्तम वैद्यकीय साहाय्य लाभलेल्या खेळाडूलाही इतका अवधी लागतो. मग जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा दिवसांत 'तयार' झालेल्या मुलीबद्दल शंका घेणे रास्तच ठरते.

परतण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम वेदना नसणे, मग सांध्याची पूर्ण हालचाल, मग दुसऱ्या बाजूइतकी ताकद, मग मऊ गादीवर साध्या कसरती आणि शेवटी पूर्ण प्रकार. एखाद्या पायरीवर दुखले तर मागच्या पायरीवर यावे. वेदनाशामक गोळी देऊन ही पायरी ओलांडणे म्हणजे शरीराने दिलेली वर्दी दडपणे होय.

आहाराचाही येथे संबंध येतो. सडपातळ दिसण्यासाठी मुलींना कमी खाऊ घालण्याची चाल या खेळात जुनी आहे. पुरेसे अन्न न मिळाल्यास हाडे ठिसूळ होतात आणि ऋतुप्राप्ती लांबते. पंधरा वर्षे उलटूनही पाळी सुरू झाली नसेल किंवा सुरू होऊन थांबली असेल तर ती सरावाची खूण न मानता वैद्यकीय सल्ला घ्यावा. मुलींचे वजन सर्वांसमक्ष घेण्याची पद्धत बंद व्हावी.

नियमांची दिशाही हीच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने वरिष्ठ महिला स्पर्धांसाठी किमान वय १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ केले. परंतु खालच्या पातळीवर मोह निराळे असतात. शालेय स्पर्धांतील यशाने दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे नोकरीतील राखीव जागांसाठी प्रमाणपत्र उपयोगी पडते. म्हणून मूल दुखणे लपविते आणि पालकही लपवू देतात. अशा वेळी 'थांब' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे शाळेने आधीच लेखी ठरवून ठेवावे आणि तो अधिकार पदकाची आशा धरून बसलेल्या व्यक्तीकडे नसावा. राखीव खेळाडूचे नाव प्रवेशिकेत असले तर हा निर्णय पुष्कळच सुकर होतो.

ज्या शाळेत वा ग्रामपंचायतीच्या व्यायामशाळेत यासाठी डॉक्टर उपलब्ध नाही, तेथेही एक वही ठेवता येईल. भिंतीवर आखलेल्या पट्टीवर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची मोजावी. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरांहून अधिक वाढ दिसली तर त्या तिमाहीत नवी अवघड कसरत शिकवू नये आणि हातावरील भार व उड्या कमी कराव्यात. उंचीशेजारी, कोठे दुखते, केव्हापासून आणि कोणत्या कसरतीत, एवढे मुलाच्याच शब्दांत लिहावे. मूल दुसऱ्या शाळेत किंवा दुसऱ्या शिक्षकाकडे गेले, तर त्या पानांची नक्कल त्याच्याबरोबर जावी.